वाहत्या ओढ्यावर छोटे वीजघर: पाणी मोजण्यापासून चाक फिरेपर्यंत

छोट्या जलविद्युत प्रकल्पाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास टर्बाइनचा येतो. कोणते घ्यायचे, किती किलोवॅटचे घ्यायचे? मला हा प्रश्न शेवटून दुसरा वाटतो. धरण न बांधता, पाणी न साठवता, ओढ्याचे पाणी थोडा वेळ वळवून पुन्हा त्याच ओढ्यात सोडणाऱ्या प्रकल्पात पाणी येईल तेवढीच वीज मिळते. आज वाहून गेलेले पाणी उद्यासाठी शिल्लक राहत नाही. त्यामुळे आकाराचा निर्णय ओढा घेतो आणि तो ऐकून घेणे हे आपले पहिले काम असते. असे प्रकल्प बंद पडतात तेही बहुतेक वेळा वरच्या बाजूला, बंधारा, जाळी आणि गाळाच्या टाकीपाशी. दोष मात्र खाली बसलेल्या यंत्राला दिला जातो.

या लेखात शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. उभा उतार ८० मीटर, पाइपची लांबी २०० मीटर आणि यंत्रासाठी जास्तीत जास्त ६० लिटर प्रति सेकंद पाणी. आकडे बदलले तरी हिशोबाची रीत तीच राहते.

पहिली पायरी: पाणी मोजा, आणि वर्षभर मोजा

ओढा अगदी लहान असेल तर बादली आणि घड्याळ पुरते. सगळे पाणी एका पन्हळीतून पडेल असे करायचे, मापाचे पिंप भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचे आणि पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्यायची.

त्याहून मोठ्या प्रवाहासाठी मला व्ही आकाराच्या खाचेची फळी सर्वांत भरवशाची वाटते. ओढ्याला आडवी, खालून आणि बाजूंनी पाणी झिरपणार नाही अशी फळी बसवायची आणि तिच्या मधोमध ९० अंशांची खाच ठेवायची. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये मोजली की प्रवाह म्हणजे १.३८ गुणिले उंचीचा अडीचावा घात, घनमीटर प्रति सेकंदात. उंची २० सेंटीमीटर असेल तर सुमारे २५ लिटर प्रति सेकंद, २८ सेंटीमीटर असेल तर सुमारे ५७. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटींहून जास्त होते, म्हणून एका सेंटीमीटरची चूकही महागात पडते. मोजपट्टी खाचेजवळ लावू नका, कारण तिथे पाणी खाली ओढले जाते. उंचीच्या निदान चारपट अंतर मागे, संथ पाण्यात पट्टी रोवा.

तरंगती काडी सोडून वेग मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण पृष्ठभागावरचे पाणी सरासरीपेक्षा जोरात धावते. गुळगुळीत, खोल पाटात मोजलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे लागते. दगडगोट्यांच्या उथळ पात्रात तर ०.६ च्या आसपास घ्यावे लागते. खळाळत्या, दगडाळ ओढ्यासाठी मिठाची पद्धत जास्त चांगली. वजन केलेले मीठ वर विरघळवून सोडायचे आणि खाली पाण्याची विद्युतवाहकता दर काही सेकंदांनी नोंदवायची. पाणी जास्त असेल तर मीठ जास्त पातळ होते, आणि त्यावरून प्रवाह काढता येतो.

एका दिवसाचे मोजमाप मात्र काहीच सांगत नाही. वर्षभर रोजची, निदान आठवड्यातून दोनदा नोंद हवी. शिवाय त्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा जास्त होता की कमी, हेही पाहायला हवे. सगळ्या नोंदी मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने मांडल्या आणि कोणता प्रवाह वर्षातल्या किती टक्के दिवस मिळतो हे काढले की प्रवाह-कालावधी वक्र तयार होतो. संपूर्ण प्रकल्पातला हा सर्वांत मोलाचा कागद.

प्रकल्प ग्रिडला जोडलेला नसेल आणि लोक फक्त त्याच्यावर अवलंबून असतील, तर यंत्राचा आकार ९० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस मिळणाऱ्या पाण्यावर ठरवावा. वीज ग्रिडला द्यायची असेल तर ३० ते ४० टक्के दिवस मिळणारा प्रवाह धरून मोठे यंत्र बसवता येते, कारण कमी पाण्याच्या दिवसांत अडून राहणारे कोणी नसते.

दुसरी पायरी: ओढ्याचा वाटा आधी बाजूला काढा

बंधारा आणि वीजघर यांच्यामधला ओढ्याचा पट्टा कोरडा पडता कामा नये. तिथे मासे, किडे आणि काठची झाडे असतात, गुरे तिथे पाणी पितात. किती पाणी सोडायचे हे स्थानिक नियम आणि ओढ्यातली जीवसृष्टी पाहून ठरते. ते प्रत्यक्षात सुटते की नाही, हे मात्र बांधकामावर अवलंबून असते. झडप उघडून पाणी सोडण्याची व्यवस्था केली तर कमी पाण्याच्या दिवसांत ती झडप कुणीतरी बंद करणारच. त्यापेक्षा बंधाऱ्यातच ओढ्यासाठी एक खाच ठेवा आणि तिची पातळी इनटेकच्या, म्हणजे पाणी आत घेण्याच्या जागेच्या, तोंडापेक्षा खाली ठेवा. मग ओढ्याचा वाटा आधी वाहतो आणि उरलेले पाणी आपल्याकडे येते. माणसाच्या मनावर काही राहत नाही.

उदाहरणातल्या ओढ्यात टंचाईच्या दिवसांत २२ लिटर पाणी येते आणि त्यातले १० लिटर ओढ्याचे, असे धरू. यंत्राला १२ लिटर मिळतात, म्हणजे पूर्ण क्षमतेचा पाचवा भाग. ही संख्या लक्षात ठेवा. टर्बाइन निवडताना तीच कामी येते.

तिसरी पायरी: हेड मोजा आणि हिशोब करा

पाइपच्या वरच्या टोकाची पाण्याची पातळी आणि खालच्या यंत्राची पातळी यांच्यातला उभा फरक म्हणजे हेड. मोबाइलमधल्या जीपीएसवर अजिबात विसंबू नका, उंचीत त्याची चूक सहज दहा-वीस मीटरची निघते. सर्वेक्षणाचे ऑटो लेव्हल असेल तर उत्तम. नसेल तर वरपासून खालपर्यंत पाण्याने भरलेली नळी टाका, तिच्यात हवा राहू देऊ नका आणि खालच्या टोकाला चांगला दाबमापक लावा. १ बार म्हणजे १०.२ मीटर. ७.८ बार दाब आला तर हेड ८० मीटर.

शक्ती (किलोवॅट) = ९.८१ × प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) × निव्वळ हेड (मीटर) × कार्यक्षमता

निव्वळ हेड म्हणजे पाइपमधले घर्षण वजा करून उरलेली उंची. आपल्या उदाहरणात ती ७६ मीटर येते, कशी ते पाइपच्या पायरीत पाहू. टर्बाइन ८० टक्के आणि जनित्र ९० टक्के कार्यक्षम धरले तर एकूण ७२ टक्के. ९.८१ × ०.०६ × ७६ × ०.७२ म्हणजे सुमारे ३२ किलोवॅट. टंचाईत १२ लिटरवर पाइपमधले नुकसान जवळजवळ नाहीसे होते, पण यंत्राची कार्यक्षमता थोडी घसरते आणि हातात साधारण ६ किलोवॅट पडतात. ३२ आणि ६ हे दोन्ही आकडे वीज वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावेत.

चौथी पायरी: बंधारा आणि इनटेक

इथे घाई करू नका. जागा चुकली की पुढे आयुष्यभर गाळ उपसावा लागतो.

नदी वळते तिथे तळाचा गाळ आतल्या काठाकडे जातो आणि तुलनेने स्वच्छ पाणी बाहेरच्या काठाला लागून वाहते. म्हणून इनटेक वळणाच्या बाहेरच्या काठाला, वळणाच्या मध्यापासून थोडा खाली घ्यावा. तिथे पक्का खडक असेल तर सोन्याहून पिवळे. बंधारा उंच नको. त्याचे काम पाणी साठवण्याचे नाही, पाण्याची पातळी इनटेकच्या तोंडापर्यंत उचलण्याचे आहे. तोंड ओढ्याच्या तळापासून चांगले वर ठेवा आणि त्याच्या शेजारीच बंधाऱ्यात गाळ धुऊन टाकणारे दार ठेवा.

तोंड किती मोठे ठेवायचे? मोठे ठेवण्याचा मोह होतो, आणि तो आवरायचा असतो. पुरात ओढ्याची पातळी मीटरभर वर गेली तर मोठ्या तोंडातून पाटाच्या ऐपतीच्या कितीतरी पट पाणी आत घुसते आणि पाटाचा काठ फोडून डोंगर खरवडत खाली जाते. तोंड पाण्याखाली बुडालेल्या भोकासारखे, मोजून ठेवावे. त्यानंतर पाटाच्या सुरुवातीलाच जादा पाणी परत ओढ्यात टाकणारा सांडवा हवा.

तीव्र उताराच्या, दगडधोंडे वाहून आणणाऱ्या ओढ्यात दुसरी रचना जास्त टिकते. बंधाऱ्याच्या माथ्यावरच उतरती जाळी बसवायची. पाणी जाळीतून खालच्या गटारात पडते, गोटे आणि फांद्या वरून घसरत पुढे जातात. या टायरोलियन इनटेकमध्ये दार चालवायला माणूस लागत नाही, पण बारीक वाळू सगळी आत येते. गाळाची टाकी मग मोठीच करावी लागते.

पाचवी पायरी: वाळू बसवणारी टाकी

पैसे वाचवायचे म्हणून ही टाकी लहान केली जाते किंवा वगळलीच जाते. ८० मीटर हेडवर पाण्याची धार ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने बाहेर पडते. त्यात गारगोटीच्या वाळूचे कण असले तर ती धार म्हणजे सँडब्लास्टिंगच. धारेवर फिरणाऱ्या पेल्टन टर्बाइनच्या नोझलमधली, म्हणजे धार सोडणाऱ्या तोंडातली, सुई काढून बोट फिरवा: चांगली सुई आरशासारखी गुळगुळीत लागते, वाळू खाल्लेल्या सुईवर उभ्या चरा नखाला अडकतात. एकदा चरा पडल्या की धार फाटते, फवारा पसरतो आणि तेवढ्याच पाण्यात वीज कमी मिळते.

०.२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण २ सेंटीमीटर खाली जातो. त्यामुळे टाकीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ म्हणजे प्रवाह भागिले ०.०२. आपल्या ६० लिटरसाठी ३ चौरस मीटर. पाण्यात खळबळ असतेच, म्हणून दुप्पट धरा: १ मीटर रुंद, ६ मीटर लांब. पाण्याची खोली ६० सेंटीमीटर ठेवली तर पुढे जाण्याचा वेग सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर राहतो आणि खाली बसलेली वाळू पुन्हा उठत नाही. वाळू साठायला याच्या खाली वेगळी जागा हवी.

तोंडापासून टाकी हळूहळू रुंद होत जायला हवी. अरुंद पाटातून पाणी एकदम रुंद टाकीत सोडले तर मधोमध जोरदार धार तशीच पुढे जाते, दोन्ही कोपऱ्यांत पाणी गोल फिरत राहते आणि टाकी असून नसल्यासारखी होते. तळाला धुण्याच्या दाराकडे ठळक उतार ठेवा, आणि ते दार असे असावे की भर पावसात, निसरड्या वाटेवरून आलेला एकटा माणूस ते उघडू शकेल.

सहावी पायरी: पाट आणि फोरबे

पाटाबद्दल थोडक्यात. उतार कमी ठेवावा, कारण पाटात गेलेली उंची यंत्राला मिळत नाही, पण इतकाही कमी नको की गाळ तिथेच बसेल. मातीच्या पाटात अर्ध्या मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेग ठीक असतो. दरड कोसळण्याची भीती असेल तिथे पाट झाका किंवा पाइप घाला.

पाटाच्या शेवटी, पेनस्टॉक (यंत्राकडे उतरणारा दाबाचा पाइप) सुरू होण्यापूर्वीची टाकी म्हणजे फोरबे. तिथे तीन गोष्टी सांभाळा. पाइपच्या तोंडावर निदान अर्धा-पाऊण मीटर पाणी उभे राहिले पाहिजे, नाहीतर भोवरा तयार होतो आणि पाण्यासोबत हवा पाइपात जाते. हा भोवरा ऐकूही येतो, अधूनमधून घोट घेतल्यासारखा आवाज. तो आला की खाली वीजघरात व्होल्टेज हलू लागलेले असते. दुसरी गोष्ट जाळी. पट्ट्यांमधली फट धारेच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. जाळी तिरपी बसवा, पट्ट्या उभ्या ठेवा आणि वरच्या बाजूला उभे राहायला पक्की फळी करा, म्हणजे दाताळ्याने पाला सरळ वर ओढता येतो. पानगळीच्या दिवसांत ही जाळी एका रात्रीत चिकटून बंद होते. तिसरी गोष्ट सांडवा. यंत्र अचानक थांबले तर सगळे ६० लिटर इथूनच बाहेर पडणार. ते पाणी दगडी किंवा काँक्रीटच्या पन्हळीतून थेट ओढ्यापर्यंत न्या. मोकळ्या उतारावर सोडलेले पाणी काही तासांत पेनस्टॉकचा पायाच उघडा पाडू शकते.

सातवी पायरी: पेनस्टॉक

पाइपचा व्यास निवडताना एक नियम ध्यानात असावा: तेवढ्याच पाण्यासाठी घर्षणाचे नुकसान व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आपल्या २०० मीटर लांबीसाठी १५० मिलिमीटरचा पाइप घेतला तर पाण्याचा वेग ३.४ मीटर प्रति सेकंद होतो आणि घर्षणातच सुमारे १४ मीटर हेड जाते. २०० मिलिमीटरचा घेतला तर वेग १.९ आणि नुकसान साडेतीन मीटरच्या आत. वळणे आणि तोंड धरून ४ मीटर, म्हणून निव्वळ हेड ७६. स्वस्त पाइपने वाचवलेले पैसे विजेच्या रूपाने दर तासाला परत जात राहतात.

पुढचा विषय जिवाशी गाठ घालणारा आहे. २०० मीटर लांब पाइपात धावणारे सहा टनांहून जास्त पाणी एकदम अडवले तर दाबाची लाट उठते. पोलादी पाइपात ती सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने धावते. १.९ मीटर प्रति सेकंदाचा प्रवाह क्षणात थांबवला तर दाब जवळपास २०० मीटर हेडने वाढतो, मूळच्या ८० मीटरवर! पाइप फाटतो. तोच प्रवाह १० सेकंदांत सावकाश बंद केला तर वाढ ८ मीटरच्या आसपास राहते. म्हणून वीजघरातली झडप चटकन मिटणारी नको. अनेक फेऱ्यांनी फिरणारे चाक असलेली गेट व्हॉल्व्ह घ्या.

उलटा धोकाही आहे. फोरबेजवळची झडप बंद झाली आणि खालून पाणी निघून गेले तर पाइपात निर्वात पोकळी होते आणि पातळ पोलादी पाइप चिमटलेल्या डब्यासारखा आत दबतो. वरच्या झडपेच्या लगेच खाली हवा घेणारी उभी नळी लावली की हे टळते.

प्रत्येक वळणावर काँक्रीटचा ठोकळा हवा. आपल्या पाइपच्या ४५ अंशांच्या वळणावर नुसत्या उभ्या पाण्याचा रेटा खालच्या टोकाशी १.९ टनांच्या आसपास असतो, आणि तो दिवसरात्र लागू असतो. उघड्यावरचा पोलादी पाइप तापमान ३० अंशांनी बदलले तर १०० मीटरमागे ३६ मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. दोन ठोकळ्यांमध्ये सरकता सांधा ठेवला नाही तर सांधे ताणले जाऊन गळू लागतात.

आठवी पायरी: आता टर्बाइन

उंच हेड आणि कमी पाण्याला पेल्टन, मध्यम हेडला क्रॉसफ्लो किंवा फ्रान्सिस, थोड्या मीटरच्या हेडला आणि भरपूर पाण्याला कॅप्लान, प्रोपेलर किंवा आर्किमिडीजचा स्क्रू, ही ढोबळ वाटणी सगळीकडे सापडते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कमी पाण्यावरचा स्वभाव. फ्रान्सिस पूर्ण पाण्यावर सुरेख चालते, पण निम्म्याच्या खाली तिची कार्यक्षमता वेगाने पडते. न वळणाऱ्या पात्यांचे प्रोपेलर तर आणखी लवकर हार मानते. पेल्टन आणि दोन कप्प्यांचे क्रॉसफ्लो पाचव्या भागाच्या पाण्यावरही बऱ्यापैकी काम करतात. क्रॉसफ्लो छोट्या कार्यशाळेत बनवता आणि दुरुस्त करता येते, हा त्याचा मोठा गुण.

आपल्याला टंचाईत नेमके पाचवा भाग पाणी मिळते आणि हेड ८० मीटर आहे, म्हणून पेल्टन. लेस्टर पेल्टनने १८८० मध्ये पेटंट घेतलेली जोडवाटीची रचना आजही तीच आहे. ७६ मीटर हेडवर वाट्यांचा वेग धारेच्या निम्म्याहून किंचित कमी, १७.८ मीटर प्रति सेकंद ठेवायचा. जनित्र मिनिटाला १००० फेऱ्यांचे घेतले तर चाकाचा व्यास ३४ सेंटीमीटर येतो, म्हणजे पट्टा किंवा गिअर न लावता थेट जोडता येते. सगळे पाणी एका नोझलमधून सोडले तर धार ४५ मिलिमीटर जाड होते, आणि ३४ सेंटीमीटरच्या चाकाला ती जास्त आहे. चाक धारेच्या निदान नऊ-दहा पट हवे. दोन नोझल केली तर प्रत्येक धार ३२ मिलिमीटरची होते. टंचाईत एक नोझल बंद करून दुसऱ्यावर चालवता येते, हा दुसरा फायदा.

चाक टेलरेसच्या, म्हणजे यंत्रातून परत ओढ्याकडे जाणाऱ्या पाटाच्या, पाण्याच्या बरेच वर फिरले पाहिजे. पुराच्या पाण्याची खूण काठावरच्या झाडांवर आणि खडकांवर शोधा, जुन्या माणसांना विचारा, आणि वीजघराची जमीन त्याच्या वर घ्या.

नववी पायरी: जनित्र आणि नियंत्रण

५० हर्ट्झसाठी सहा ध्रुवांचे जनित्र १००० फेऱ्यांवर, चार ध्रुवांचे १५०० वर चालते. स्वतंत्र प्रकल्पाला सिंक्रोनस जनित्र, म्हणजे ग्रिडच्या आधाराशिवाय स्वतःचे व्होल्टेज उभे करणारे, घ्यावे. भार अचानक सुटला तर पेल्टन नेहमीच्या सुमारे १.८ पट वेगाने पळते, तेव्हा १८०० फेऱ्या सहन करणारे जनित्र आहे ना, हे लेखी मागून घ्या.

पाणी कमी-जास्त करून वेग सांभाळणारा गव्हर्नर महाग असतो आणि लांब पाइपवर हळूच चालवावा लागतो. छोट्या स्वतंत्र प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर सोपा. यंत्र पूर्ण भाराने चालू राहते आणि लोकांनी न वापरलेली वीज हीटरमध्ये वळवली जाते. हे हीटर जनित्राच्या क्षमतेपेक्षा १० ते २० टक्के मोठे हवेत. पाण्यात बुडवलेले असतील तर ते पाणी कधीही आटू देऊ नका. आणि काही बिघडलेच तर नोझलसमोर आडवी येऊन धार बाजूला वळवणारी पट्टी, म्हणजे डिफ्लेक्टर, असायलाच हवा. तो क्षणात चाक मोकळे करतो आणि मग सुई सावकाश बंद करता येते. ग्रिडला जोडणार असाल तर ग्रिड गेल्याबरोबर आपले यंत्र वेगळे करणारे संरक्षण बंधनकारक समजा, लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो.

दहावी पायरी: पहिल्यांदा पाणी सोडताना आणि नंतर रोज

पाइप पहिल्यांदा भरताना वरची झडप थोडीशीच उघडा. तास-दोन तास लागू द्या. हवा पूर्ण निघाली की प्रत्येक सांध्यापाशी चालत जाऊन पाहा. मग चाक रिकामे फिरवून बेअरिंग हाताने तपासा. गरम लागले तर थांबा. त्यानंतर पाव, अर्ध्या, पाऊण आणि पूर्ण भारावर चालवून प्रत्येक टप्प्यावर भार मुद्दाम तोडा, वेग आणि दाब कुठपर्यंत चढतात ते लिहा.

रोजच्या नोंदवहीत किलोवॅटसोबत दाबमापकाचा आकडाही लिहायला लावा. आपल्या उदाहरणात यंत्र बंद असताना ७.८ बार दिसतील, पूर्ण भाराने चालताना ७.४ ते ७.५. तेवढ्याच भाराला एखाद्या दिवशी ६.८ दिसले तर टर्बाइन उघडायला बसू नका. दाताळे घ्या आणि वर फोरबेकडे चढा, बहुतेक जाळी तुंबलेली असेल. दाब बरोबर आणि वीज मात्र महिन्या-महिन्याला कमी होत असेल, तर नोझल उघडून सुईवर बोट फिरवा, आणि चरा लागल्या तर त्याच आठवड्यात वाळूची टाकी रिकामी करून तिचा तळ पाहा.